मधली ओळ

कुसुमआत्या गेली त्याला सहा आठवडे झाले, आणि माझा राग अजून उतरलेला नाही. आजाराला नाव उशिरा मिळालं म्हणून राग. ते पहिल्याच कागदात दडलं होतं म्हणून जास्त राग.

आत्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कारकून होती. आमच्या कॉलनीतल्या सभा-मोर्चांची पत्रकं तिच्या घरी लिहिली जायची, मी वाचायला शिकले ती त्यांवरच. ती म्हणायची, "शेवटची ओळ आधी वाच. पत्रक काढणारा कोण, ते तिथं कळतं. वरचा मजकूर मग." तिला बरगडीखाली जड वाटू लागलं तेव्हा सोनोग्राफीचा रिपोर्टही आम्ही तसाच वाचला. शेवटची ओळ : लिव्हरमध्ये साधी पाण्याची गाठ. डॉक्टरांनी सुईनं पाणी काढलं. वर्षभरात गाठ पुन्हा भरली, पुन्हा पाणी काढलं. "माझ्या पोटात गंगापूर धरण आहे गं," ती हसायची, "आवर्तन सोडलं की झालं." दुसरे डॉक्टर बघू म्हटलं, तर म्हणाली, "वाटीभर पाण्यासाठी मोर्चा काढतेस का?"

तिसऱ्यांदा भरली तेव्हा मी तिला जवळजवळ ओढतच नेलं. नव्या सर्जननी सीटी स्कॅन पाहिला, जुनी फाइल मागितली आणि पहिल्या रिपोर्टच्या मधल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "गाठीच्या आत पडदे आहेत, असं इथं लिहिलंय. तेव्हाच शंका यायला हवी होती. हा दुर्मिळ ट्यूमर वाटतोय, बहुतेक बायकांनाच होतो. नुसतं पाणी काढून भागत नाही. अस्तर राहिलं की पुन्हा भरतो, आणि एखाद्याचा कॅन्सर होतो. भिंतीसकट अख्खा काढावा लागतो."

लिव्हरच्या डाव्या भागासकट त्यांनी तो काढला. पण तपासणीत कॅन्सर निघाला, भिंतीबाहेर गेलेला... आत्या एवढंच म्हणाली, "मधली ओळ गं. आपण वाचलीच नाही." तिचं ते 'आपण' मला सहन झालं नाही. ती ओळ वाचण्यासाठी पगार घेणारी माणसं होती.

परवा तिच्या खोलीत ती फाइल उघडली. शेवटच्या महिन्यात कधीतरी तिनं सगळे कागद पहिल्या ओळीपासून वाचलेले दिसतात. प्रत्येक ओळीपुढं पेन्सिलीची बारीक खूण, पत्रकांची प्रुफं तपासताना करायची तशी. पडद्यांच्या ओळीपुढं मात्र खूण नाही. तिथं समासात तिच्या वळणदार अक्षरात लिहिलंय : ही ओळ ठळक छापा.