कॅनडाच्या बँडमधला नंदूदादा

नंदूदादाने आमच्याकडे बसून चहा घेतल्याचं मला आठवत नाही. कप घेऊन तो दारातच उभा राहायचा, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, आणि मोकळ्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर सुरू. आई म्हणायची, "अरे, टेक ना जरा." त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "मावशी, बैठे-बैठे क्या होता है? बसलं की हात गंजतात."

बुऱ्हाणपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याचे वडील, म्हणजे आमचे काका, खकनारच्या कचेरीत कारकून होते. मुलाने शिकून खुर्चीवर बसावं, एवढीच त्यांची इच्छा. मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत फिरायचा. पुढे शिकायला कॅनडाला गेला आणि दुसऱ्याच वर्षी तिथल्या चौघांच्या एका रॉक बँडमध्ये शिरला. फोनवर हे ऐकून काका म्हणाले, "गिटार वाजवतो, ते समजलं. काम काय करतो?"

ते काम मी मोबाइलवर पाहिलंय. दिवसभर बर्फातून व्हॅन हाकायची, पोचल्यावर स्पीकर स्वतःच उतरवायचे, दीड तास वाजवायचं आणि पुन्हा व्हॅन. त्याच्या आधीचे तीन गिटारवाले घरच्या ओढीने सोडून गेले होते. याला मुळात घरीच करमत नसे, म्हणून हा टिकला.

बाराव्या वर्षी काका गेले, तेव्हाही तो असाच दौऱ्यावर होता. तसाच गिटारसकट तडक निघाला, तरी पोचला तिसऱ्या दिवशी. तापीत अस्थी सोडल्या, पण रडला नाही, नुसता घरभर फिरत राहिला. सहाव्या दिवशी बँडचा फोन आला. नव्या अल्बममधला त्याचा भाग दोन दिवसांत रेकॉर्ड करून हवा होता. नाहीतर दुसरा माणूस घेणार आणि दौऱ्यावरही तोच जाणार. सुतकात वाद्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. दादाने "घ्या दुसरा" म्हणून फोन ठेवला. मला म्हणाला, "बारा साल, शोभा. गेले ना."

काकूंनी ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गिटारची पेटी स्वतः अंगणात आणून ठेवली.

"तुकईथडच्या शेतात जाय. केळीले सुतक नाही लागत."

"आई, लोक काय म्हणतील?"

"लोकं येणार आहेत का तुह्या जागी वाजवाले? बाप गेला तं गेला. हाताले कायले उपाशी ठेवतं?"

मी सोबत गेले. पाण्याच्या मोटारीच्या खोलीत लॅपटॉपला वायर जोडून तो वाजवू लागला. आवाज हेडफोनमधून त्याच्याच कानात होता, मला फक्त तारांची टिकटिक ऐकू येत होती. तिसऱ्या खेपेला तो मध्येच थांबला. "बाबांनी एकदा पण नाही ऐकलं गं," म्हणाला आणि हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. रेकॉर्डिंग त्याच दिवशी पाठवलं आणि बँडमधली त्याची जागा टिकली.

चौदाव्या दिवशी तो निघाला. सव्वा महिना घराबाहेर पडू नका, असं सगळे सांगत असताना काकू स्टेशनवर आल्या. गाडी आल्यावर एवढंच बोलल्या, "नंदू, मी गेल्यावर नको येऊ. त्याच्या आधी ये." तो हो म्हणाला.

त्याला दोन वर्षं झाली. अल्बम निघाला, दौरे वाढले, तिकिटाची तारीख तीनदा पुढे गेली. फोनवरही तो चालता-चालताच बोलतो, "आ रहा हूँ, बस ये टूर हो जाए." मला त्याचा अभिमान वाटतो आणि भयंकर रागही येतो.

गेल्या महिन्यापासून काकूंनी अंथरूण धरलंय. काल मला विचारलं, "आज कोणत्या गावाले वाजवतो तो?" मी नाव सांगितलं. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, जमलं नाही. मग म्हणाल्या, "मी पडेल आहे हे त्याले सांगू नको. त्याचं काम सुटीन."

मी मान डोलावली, त्यांच्या अंगावर चादर ओढली आणि अंगणात येऊन त्याला फोन लावला.