समजा, उस्तानीबीचं घर

त्या कादंबरीविषयी माझे मत आजही एक नाही. पहिली दोनशे पाने उत्तम आहेत, शेवटची तीस मला पटली नव्हती. कुठल्याशा इंग्रजी पुस्तकाचे ते उर्दू भाषांतर होते. मुखपृष्ठ फाटून गेलेले. लेखक कोण ते कळले नाही आणि पुढे मी शोधही घेतला नाही.

निजामाच्या अमदानीत मी बेंबळीच्या शाळेत मुदर्रिस, म्हणजे मास्तर होतो. वय बावीस. शुक्रवारी सुट्टी असे. दुपारी मी शिंप्याच्या दुकानात जाऊन बसे. शिंप्याला उर्दू बोलता येई, वाचता येत नसे. त्याच्याकडे नेहमी येणाऱ्या तेल्याला यातले काहीच येत नसे. एका शुक्रवारी मी ते पुस्तक नेले आणि मराठीत सांगत वाचू लागलो. पुढच्या शुक्रवारी ओट्यावर जागा उरली नाही.

कादंबरीत डोंगरावर एक मोठे घर होते आणि त्यात एक बाई एकटी राहत होती. घराखाली तहखाना. तिन्हीसांजेला त्यातून रडण्याचा आवाज येई. लेखकाने ते घर असे रचले होते की प्रत्येक दारापाशी वाचणाऱ्याने थबकावे. ओट्यावरच्या माणसांनी मात्र तसे घर कधी पाहिले नव्हते.

“तहखाना म्हंजी काय?” तेल्याने विचारले.

“जमिनीखालची खोली. पेवासारखी.”

“पेवात कोन ऱ्हातंय, मास्तर? पेवात ज्वारी ऱ्हाती.”

सगळे हसले. वाचन अडले याचा मला राग आला. मी म्हणालो, “समजा, आपल्या उस्तानीबीचं घर. माडी आहे, लाकडी सज्जा आहे, अंगणात पेव आहे. तसं.”

त्यानंतर कोणी अडवले नाही.

उस्तानीबी विधवा होती, एकटी राहत होती. सकाळी बारा-चौदा मुली तिच्या माडीवर कुराण आणि उर्दू अक्षरे शिकायला बसत. गावात मुलींना शिकण्याची दुसरी जागा नव्हती. तिची चूलही त्यावरच चाले.

दोन-तीन शुक्रवारांनंतर मी ‘समजा’ म्हणणे सोडून दिले. बाई माडीवरून उतरली, बाई पेवापाशी उभी राहिली, असे सरळ सांगू लागलो. ऐकणाऱ्यांनी तो शब्द माझ्या आधीच टाकला असावा.

शेवटच्या प्रकरणात लेखक सांगतो की तहखान्याच्या भिंतीला फट होती आणि वारा शिरला की आवाज होई. भूत नव्हते. बाईचा काही दोष नव्हता. मला ती फसवणूक वाटली. दोनशे पाने वाढवलेली भीती त्याने एका फटीत घालून संपवली होती. मी ते प्रकरण वाचलेच नाही. पुस्तक समोर उघडे धरून मी माझ्या मनाचा शेवट सांगितला. बाईने आपल्या सुनेला पेवात उतरवले आणि वर फरशी बसवली.

शिंप्याचे मशीन थांबले. तेली म्हणाला, “लई वंगाळ झालं.”

मला समाधान वाटले. लेखकाने ते घर निर्दोष सोडले होते. मी सोडले नाही.

महिन्याभरात माडीवर निम्म्या मुली उरल्या. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर उस्तानीबी दारात येऊन उभी राहिली. आत या म्हटले तरी आली नाही.

“मास्तर, तुमच्या किताबात माझं घर हाय म्हणत्यात.”

“तुमचं नाही. विलायतेतलं आहे.”

“विलायतेत ज्वारीचं पेव कुठनं आलं?”

तिने हात पुढे केला.

“किताब द्या. मला वाचता येतंय.”

चार दिवसांनी तिने पुस्तक परत आणले. “सगळी वाचली,” ती म्हणाली. “लई चांगली लिवलीय. रडायचा आवाज वाऱ्याचा हाय. सून कुठं बी न्हाय. सून तुम्ही कुठनं आणली?”

मी पुस्तक हातात घेतले. ती म्हणाली, “आखरी सबक त्या लोकांम्होरं वाचा, मास्तर. माझ्या पोरी परत येऊ द्या.”

शुक्रवारी मी ते प्रकरण शब्द न् शब्द वाचले. वाचताना मला प्रथमच जाणवले की ते वाईट लिहिलेले नाही.

“बीनं चांगलंच झाडलेलं दिसतंय तुम्हाला,” शिंपी म्हणाला.

तेली म्हणाला, “वारा म्हणं! त्या दिवशी किताब उघडीच व्हती की तुमच्या म्होरं. तवा काय त्यात दुसरंच लिवलं व्हतं?”

‘तेव्हा मी खोटे सांगितले’ एवढे एकच वाक्य तिथे हवे होते. ते मला येत होते. दोन्ही भाषांत येत होते. परंतु शाळेतल्या निम्म्या मुलांचे बाप त्या ओट्यावर बसले होते. मी पुस्तक मिटले आणि आवाज वाऱ्याचाच होता, असे पुन्हा एकदा म्हणालो. कोणी विश्वास ठेवला नाही. ठेवण्यासारखे मी काही सांगितलेही नव्हते.

ज्वारीची काढणी होईपर्यंत उस्तानीबीकडे एकही मुलगी उरली नाही. ती नळदुर्गला भावाकडे निघून गेली. जाताना माझ्याकडे आली नाही. मीही तिच्या घरी गेलो नाही.

पुढे राज्य बदलले, शाळा मराठी झाली आणि मी तिचा हेडमास्तर झालो. बऱ्याच वर्षांनी एक बाई मुलाचे नाव घालायला आली. मी अर्ज पुढे सरकवून सही करायला सांगितले.

“येत न्हाय, मास्तर.”

“काहीच शिकला नाहीत?”

“उस्तानीबीकडं जात व्हते ना. अलिफ, बे करत जीमपतुर आले. मग तिच्या पेवात सून निघाली म्हणून अम्मानं बंद केलं.”

ती हे साधेपणाने बोलली, गावात सर्वांनाच ठाऊक असलेली गोष्ट बोलावी तशी. मी शाईची डबी उघडून तिच्यापुढे ठेवली. तिने अंगठा बुडवला आणि कुठे उठवायचा, ते मला विचारले. मी बोट ठेवून जागा दाखवली.