एका फोनला दोन कान: शैलजाताईंचा गणिताचा वर्ग

शैलजाताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. माझी सून मनीषा चाकणच्या एका मोटारगाड्यांच्या कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर आहे. तिचं दहावीचं गणित राहिलेलं, म्हणून तिने ताईंचा ऑनलाइन वर्ग धरला. पहिली पाळी असली की संध्याकाळी ती घरी असे, आणि फोनमधून प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येई, विहिरीत बोलल्यासारखं. मी कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेला माणूस. बिघडलेलं काही कानावर पडलं की मला घास गोड लागत नाही. हा वर्ग जिथून चालायचा त्या काळेवाडीतल्या संस्थेत तडक गेलो आणि दारातूनच म्हणालो, "बाई, गणित शिकवताय की भूत उतरवताय?"

खडू खाली न ठेवता ताई म्हणाल्या, "भूत दिसतंय ना, मग काढा की! नुसते ओरडताय कशाला?"

भूत त्यांच्या टेबलावरच होतं. प्रक्षेपण नीट जातंय का हे कळावं म्हणून त्यांनी तोच वर्ग स्वतःच्या फोनवर लावून ठेवला होता. फोनचा आवाज माइकमध्ये शिरायचा आणि पुन्हा सगळ्यांकडे जायचा. मी फोनचा आवाज बंद केला, भूत गेलं. मी मात्र तिथेच राहिलो. तेव्हापासून लॅपटॉप माझ्याकडे, फळा त्यांच्याकडे. प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर मला कुणी शिकवलं नाही, बटणं दाबत दाबतच हाताखाली आलं.

ताईंच्या बहुतेक विद्यार्थिनी कारखान्यांतल्या. वर्गाच्या वेळी त्या कंपनीच्या बसमध्ये असतात आणि बस चाकणच्या चौकात अडकलेली असते. सगळं जग त्या चौकाला शिव्या घालतं, ताईंनी त्याची शाळा केली. मध्ये संस्थेने एक तज्ज्ञ आणला. त्याने चित्र असं चकचकीत केलं की फळ्यावरची धूळसुद्धा दिसावी. त्याच संध्याकाळी बसमधून निरोप आला, "ताई, आवाज तुटतोय, समीकरण अर्धंच पोचलं." रस्त्यात नेट अशक्त, आणि होतं तेवढं चित्रानेच खाल्लेलं. ताई कडाडल्या, "आबा, चित्र मळकट करा! माझं तोंड नाही दिसलं तरी चालेल, अधिक-उणे ऐकू गेलं पाहिजे." त्या दिवसापासून त्या फळ्यावरचं प्रत्येक चिन्ह मोठ्याने बोलतात, कारण गर्दीच्या बसमध्ये फोन पिशवीत असतो.

आणि ताईंची माया! मनीषा सराव परीक्षेत आपटली आणि "आता बास" म्हणून वही माळ्यावर टाकली. ताई घरी आल्या, चहा बाजूला सारून विचारलं, "लाइनवर वायर चुकीची लागली तर काय करतेस गं?"

"मागं जाऊन कुठं चुकलं ते बघते."

"अख्खी गाडी तर फेकून देत नाहीस ना? मग वही काढ."

ताईंच्या या गौरवग्रंथात गोड लिहायचं असतं हे मला कळतं. पण तोंडात गुळाचा खडा धरून गप्प बसणं माझ्याच्याने होणार नाही. ताईंची साठी झाली म्हणून संस्थेने शाल आणली, आणि त्याच बैठकीत शालीखालून वर्ग बंद करायचा ठराव आणला. कार्यवाह मला म्हणाले, "पडद्यावरचा हजेरीचा आकडा बघा ना आबा, मूठभर माणसं! आम्ही बाहेरून रेकॉर्ड केलेले तयार धडे घेतलेत. ताईंनी आता आराम करावा."

अहो साहेब, त्या बसमध्ये कधी बसलात? तिथे एका फोनला दोघी असतात. इअरफोनचं एक टोक हिच्या कानात, दुसरं तिच्या. नेट आज हिचं, उद्या तिचं. तुमचा आकडा फोन मोजतो, कान मोजत नाही! आणि तुमचा तो तयार धडा "थांबा ताई, पुन्हा सांगा" म्हटल्यावर थांबतो का? परीक्षा तोंडावर आलेल्या पोरींना तुम्ही भरल्या पंगतीतून उठवताय, आणि वर विडा देताय! संपादकांनी हा मजकूर कापला तर मी व्यासपीठावर उभा राहून वाचीन.

ताईंनी भर बैठकीत शालीची घडी घातली आणि ती कार्यवाहांपुढे सरकवली. "वर्ग मोडून सत्कार कसला? खोली तुमची आहे, ठेवा. मुली माझ्या आहेत."

ठराव मागे घेतल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही. आम्हीही वाट बघत बसलो नाही. ताईंच्या घरी भिंतीला फळा ठोकला, वायर मी ओढली आणि काल तिथून पहिला वर्ग झाला. चित्र मळकट, आवाज खणखणीत. चौकात अडकलेल्या बसमधून मनीषाने लिहिलं, "सगळ्या आहोत. बोला ताई."

शैलजाताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचा घसा शाबूत राहो, फळ्यापुढे उभं राहायला गुडघ्यांत बळ राहो. आणि त्यांना आराम द्यायची ज्यांना एवढी घाई झाली आहे, त्यांनी तो खुशाल स्वतः घ्यावा.