इअरप्लग घालून गाणं ऐकणारा

बुद्धरत्न माझा सख्खा धाकटा भाऊ. घरात रतन. गाण्याची पारख आमच्या पिंपरीच्या वस्तीत त्याच्याइतकी कुणाला नाही. मी मोठा भाऊ आहे म्हणून सांगत नाही, कुणालाही विचारा. मी नववी नापास, पण भाऊ कसा असावा ते माझ्याकडं बघून कळेल.

रतन चाकणला प्रेस शॉपमध्ये आहे. तिथं दिवसभर पत्र्यावर धडाधड प्रेस पडतात, म्हणून कंपनी इअरप्लग देते. शिफ्ट सुटली की गडी गाडीला किक मारतो, जिथं गायन पार्टी असेल तिथं हजर. तळवडे असो, देहूरोड असो. टाळी नाही, शिट्टी नाही. "कसं झालं रे?" विचारलं तर म्हणणार, "कानात राहिलं," नाहीतर "पोटात गेलं." ज्याचं कानात राहिलं त्याच्याकडं परत जात नाही, मग तो किती का मोठा गायक असेना.

यंदा जयंतीला छबूबाईंची पार्टी मी ठरवली. कमिटीत माझ्या शब्दाला वजन आहे. बाई साठीच्या पुढच्या, पण गळा खणखणीत. पोरांनी हट्टानं स्टेजच्या दोन्ही अंगाला स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या. पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्याच रांगेत बसलेल्या रतननं खिशातून पिवळे इअरप्लग काढून कानात कोंबले.

बाईंनी बघितलं. गाणं तिथंच थांबवलं.

"का रे लेकरा, एवढी वाईट गाते का मी?"

मांडवात हशा पिकला. अध्यक्ष मारुतराव माझ्या अंगावर धावून आले. "माफी मागायला लाव तुझ्या भावाला! बाई उठून गेल्या तर तू गाणार का?"

"वेळ आली तर गाईन," मी म्हणालो. पण बाईंनी पेटीवाल्याला पेटी मिटायची खूण केली, तेव्हा मी हात जोडत स्टेजकडं निघालो.

रतन प्लग काढून उभा राहिला. "ताई, उलटं आहे. या स्पीकरमुळं तुमचा आवाज कळेना. प्रेसवर आमचं असंच असतं. हे घातलं की धडधड बाहेर राहते, शेजारच्याचं बोलणं कळतं. तुमचं ऐकायचं होतं म्हणून घातले."

बाईंनी दोन्ही अंगाच्या स्पीकरच्या भिंतींकडं बघितलं. मग साउंडवाल्याला म्हणाल्या, "बंद कर रे बाबा ते."

"मागं कसं जाईल, मावशी?"

"ज्याला ऐकायचंय तो पुढं येईल."

माइक ठेवून त्या स्टेजच्या कडेला पाय सोडून बसल्या, बाजूला ढोलकी आणि पेटी. रमाईच्या ओव्या धरल्या. निम्मी पोरं "काय राव, म्हाताऱ्यांचा कार्यक्रम!" म्हणत रस्त्यावर गेली. उरलेल्यांनी खुर्च्या पुढं ओढल्या. आमची आई गिरजाबाई तर पार बाईंच्या पायाशी जाऊन बसली. दोन ओळींच्या मध्ये बाईंनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येत होता. रतन मान खाली घालून बसला होता, आणि मला वाटत होतं, ओरडून सांगावं, हा माझा भाऊ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतराव दारात. रतन फर्स्ट शिफ्टला निघालेला, बूट घालत होता.

"निम्मा मांडव रिकामा झाला, शिव्या मी खाल्ल्या," मारुतराव म्हणाले. "पुढच्या वर्षी पार्टी यानंच ठरवायची. मग कळेल लोकांना खूश करणं काय असतं."

"काका, मला ऐकायला आवडतं," रतन म्हणाला. "ठरवायला नको."

"ठरलं, मारुतराव," मी म्हणालो. "रतनच ठरवणार."

रतननं माझ्याकडं रागानं बघितलं, हेल्मेट चढवलं आणि चाकणला गेला.