रक्तगटांची फाइल
शुक्रवार म्हणजे अंबरनाथच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी. नव्वदीच्या सुरुवातीचा असाच एक शुक्रवार. कंपनीत फक्त मेंटेनन्सची माणसं, आणि कॉम्प्युटरच्या कामाला उल्हासनगरहून येणारी मी, नवी आणि भारी शहाणी. दुपारी आमचा एक फिटर टाकीवरून पडला. सकाळीच त्यानं माझ्या टेबलाचा डुगडुगणारा पाय नीट करून दिला होता. हॉस्पिटलातून फोन आला: ओ निगेटिव्ह रक्त हवं, ताबडतोब माणसं पाठवा.

सगळ्या स्टाफचे रक्तगट आणि पत्ते माझ्या फाइलमध्ये होते. 'ग्रेप' ही शोधायची आज्ञा आणि रक्तगट, एवढं टाइप केलं असतं तर नेमक्या ओळी पडद्यावर आल्या असत्या. पण नाही! मला आधी यादी गावांप्रमाणे लावायची होती, कंपनीच्या जीपला एका फेरीत सगळे उचलता यावेत म्हणून. 'सॉर्ट' दिलं आणि घाईत निकाल त्याच फाइलच्या नावावर सोडला. अशा वेळी कॉम्प्युटर आधी फाइल पुसतो, मग वाचायला जातो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! फाइलमध्ये एक अक्षर उरलं नाही.

कॉपी होती, पण टेपवर, आणि टेप साहेबांच्या घरी. कंपनीत आग लागली तरी ती वाचावी म्हणून दर गुरुवारी ते टेप बदलापूरला, बेलवलीच्या घरी नेत. घरी फोन नव्हता. जीपच्या ड्रायव्हरकडे मी चिठ्ठी दिली, 'साहेब, टेप द्यावी, अर्जंट.' कशासाठी, ते लिहिलं नाही. फाइल माझ्या हातून गेली हे सांगायची लाज वाटली, मेली लाज! ड्रायव्हर नुकताच ड्यूटीवर आला होता, त्यालाही काही बोलले नाही.

तास उलटून गेला. मी देवाला हात जोडत बसले होते. टेप आली, चढवली, ग्रेप दिलं. तीन ओळी आल्या. पहिले दोघे कोकणात गावी गेलेत, असं वॉचमन म्हणाला. तिसरी ओळ वाचली. ते आमचे साहेबच होते.

जीप पुन्हा बेलवलीला गेली. साहेब बाही वर करतच हॉस्पिटलात शिरले, पण फिटर दहा मिनिटांपूर्वी गेला होता.

साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. खिशातली चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाले, "यात 'रक्त' एवढा एक शब्द लिहिला असतास, पोरी, तर मी टेपबरोबरच आलो असतो."