बदलीचा अर्ज आणि चाळीस डबे

खात्यात सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. जमिनीखालून पाण्याचे नळ कुठून कुठे जातात ते कागदावर काढायचं, हे त्यांचं काम. हात असा बसलेला की पट्टी न लावता ओढलेली रेघसुद्धा कुणी वाकडी म्हणणार नाही. अकरा वर्षांपूर्वी ‘दोन वर्षांचाच तर प्रश्न आहे’ असं सांगून खात्यानं त्यांना या गावी पाठवलं. बायको सात तासांवरच्या गावात शाळेत शिकवायची, तिची नोकरी हलण्यासारखी नव्हती. मुलगी तेव्हा सहा वर्षांची. दोन वर्षं काय, डोळे मिटून काढू, असं ठरवून नकाशेवाल्यांनी एका शिंप्याच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली.

एकट्या माणसाला संध्याकाळ खायला उठते. शिंप्याच्या घरात एक जुनी विजेची भट्टी धूळ खात पडली होती, ती त्यांनी वर नेली आणि बिस्किटं करायला लागले. कुणी शिकवलं नव्हतं. पण मोजून मापून करायची कोणतीही गोष्ट त्यांना जमायची. मैदा, साखर, लोणी तराजूवर तोलायचं, पीठ एकाच जाडीचं लाटायचं, बिस्किटावरच्या रेघा नकाशाच्या रूळपट्टीनं आखायच्या. पहिले दोन महिने ती दगडासारखी झाली. मग एके दिवशी अशी झाली की तोंडात टाकली की विरघळत. वर्षअखेरच्या पाच दिवसांच्या सुट्टीत त्यांनी मुलीसाठी मोठा डबा भरला. उरलेली आठ बिस्किटं कागदात गुंडाळून साहेबांच्या टेबलावर ठेवली. एक दिवस आधी निघायला परवानगी हवी होती, एवढाच त्यात स्वार्थ.

त्या आठ बिस्किटांनी घात केला.

पुढच्या वर्षअखेरीला साहेबांनी त्यांना बोलावलं. “मुख्य कार्यालयात दरवर्षी काहीतरी भेट न्यावी लागते. बाजारचं काय, सगळेच नेतात. तुमच्या हातचं असलं तर गोष्ट वेगळी. बारा डबे जमतील?” साहेब वाईट माणूस नव्हता. सामान स्वतः पाठवायचा, तेही उत्तम प्रतीचं. त्यामुळे राबवून घेतात असंही म्हणायची सोय नव्हती. बाराचे वीस झाले, विसाचे चाळीस. डबे ताजे हवेत, म्हणून सुट्टीच्या पहिल्या दिवशी सकाळी डबे साहेबांच्या गाडीत चढायचे, आणि मग सकाळची बस हुकल्यामुळे रात्रीची बस धरून नकाशेवाले घरी पोचेपर्यंत सुट्टीचा दुसरा दिवस उजाडलेला असायचा. रात्रभर भट्टीसमोर बसून अंगात उष्णता आणि डोळ्यांवर झोप घेऊन आलेला बाप घरी पोचल्यावर आधी झोपायचा. मुलगी लहान होती तेव्हा त्यांच्या उशाशी बसून राहायची. मोठी झाली तशी ती दार ओढून घ्यायला लागली.

बदलीचा अर्ज दरवर्षी जायचा. कारणाच्या रकान्यात ‘मुलीचे शिक्षण’. साहेब दरवर्षी म्हणायचे, “तुमचा अर्ज माझ्या डोळ्यांसमोरच असतो.” ते खोटं नव्हतं. तो त्यांच्या टेबलावरच्या काचेखालीच होता.

बायकोनं अकराव्या वर्षी फोनवर स्पष्ट सांगितलं. “अहो, ते तुम्हाला का सोडतील? दुभत्या गाईला कुणी बाजार दाखवतं का? एकदा बिघडवा.”

“काय बिघडवू?”

“बिस्किटं. जरा कडू करा, जरा करपवा. दोन वर्षांत तुमचा अर्ज वर सरकतो की नाही बघा.”

नकाशेवाले हसले, पण विचार डोक्यात घर करून बसला. त्या वर्षी डबे करायला अर्ध्या दिवसाची रजा नेहमीप्रमाणे न मागता मिळाली. (आईच्या आजारपणात हीच रजा मिळवायला त्यांना तीन सह्या गोळा कराव्या लागल्या होत्या.) दुपारी त्यांनी आधी घरचा एक डबा नीट केला. मग चाळीस डब्यांचं पीठ घेतलं आणि सोडा तोलायला बसले. दुप्पट घालायचा ठरवला होता. हात नेहमीच्या मापावर येऊन थांबला. त्यांनी डोळे दुसरीकडे फिरवले आणि सोड्याची डबी पिठात उपडी केली. मीठ जास्त घातलं. भट्टीचा काटा वर सरकवला आणि खिडकीत जाऊन उभे राहिले.

खालून शिंप्यानं हाक मारली. “काय हो नकाशेवाले, काहीतरी करपतंय.”

“करपू द्या,” ते म्हणाले. शिंपी वर बघतच राहिला. अकरा वर्षांत या माणसाच्या तोंडून असं वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं.

डबे भरताना त्यांना आतून लाज वाटत होती. नकाशात मुद्दाम खोटी रेघ ओढावी आणि उद्या कुणीतरी तिथे खणून नळ फोडावा, तसं. एक बिस्किट चावून पाहिलं. कडू, खारट, बुडाला काळं. साहेबांनी डबे न उघडता गाडीत ठेवून घेतले आणि नेहमीसारखी पाठीवर थाप मारली.

सुट्टीनंतर बोलावणं आलं.

“बसा,” साहेब म्हणाले. अकरा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा बसायला सांगितलं होतं. “या वर्षी जरा गडबड झाली. मोठ्या साहेबांच्या घरच्यांनी डबा तसाच बाजूला ठेवला म्हणे. पण तुम्ही काळजी करू नका. मी सांगितलं, लोणी मी पाठवलं होतं, तेच शिळं निघालं. तुमच्यावर काही येऊ दिलं नाही.”

नकाशेवाल्यांना खुर्ची टोचायला लागली. शिव्या मिळतील अशी तयारी करून ते आले होते. ही माया कुठे ठेवायची ते कळेना.

“साहेब, लोणी चांगलं होतं. बिस्किटं मी मुद्दाम बिघडवली.”

साहेब खुर्चीत मागे रेलून हसले. “अहो, तुम्ही? तुमच्याच्यानं व्हायचं नाही ते. माझं लोणी झाकायला स्वतःवर घेताय, कळतं मला. अशी माणसं राहिली नाहीत आता.”

“खरंच सांगतो साहेब. सोडा दुप्पट घातला.”

“बरं, बरं. दोष त्या भट्टीचा असेल, किती जुनी आहे ती. नवीन घेऊन देतो. पुढच्या वर्षी नाव परत मिळवायचं आपल्याला. माझी अब्रू तुमच्या हातात आहे.” मग काचेखालचा कागद त्यांनी सरकवून काढला. “आणि हे बघा, कारण मुलीचं शिक्षण लिहिलंय. पण ती तर आता पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी चाललीय ना? तुम्हीच सांगितलंत. मग कारणच उरलं नाही. तुम्हीच परत घ्या, मी नाकारल्याचं नको दिसायला.”

नकाशेवाले अर्ज घेऊन आपल्या जागेवर आले. समोर अर्धा झालेला नकाशा होता. तो त्यांनी पुरा केला, संध्याकाळपर्यंत, एकही रेघ न चुकता.

फोनवर बायको आधी खूप हसली. “मुद्दाम बिघडवली म्हणून सांगितलंत आणि पटलं नाही? धन्य आहे तुमची.” मग म्हणाली, “जूनमध्ये ती गेली की इथे मी एकटी, तिथे तुम्ही एकटे.”

“नवा अर्ज देतो. कारणात तुझं नाव घालतो.”

“घाला,” ती म्हणाली. “माझ्यासाठी म्हणून कधी दिलाच नव्हता.”

तो अर्जही काचेखाली गेला. नवी भट्टी आली, चार थाळ्या एकदम मावतील एवढी. शिंप्याच्या जिन्यातून वर चढवायला चार माणसं लागली. डबे सेहेचाळीस झाले.

त्या वर्षअखेरीला बायको शाळेला सुट्टी लागल्या लागल्या बस धरून इकडे आली. मुलगी मैत्रिणींबरोबर राहिली, येणार नव्हती. बायकोनं बाह्या वर केल्या आणि डब्यांसाठी पुठ्ठ्याचे खोके दुमडायला बसली. अकरा वर्षं या बिस्किटांवर ती रागावली होती, पण भट्टीतून निघालेलं गरम बिस्किट तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. घरी यायचा तो गार, प्रवासात दमलेला डबा. पहिली थाळी निघाली तसं तिनं एक उचललं, फुंकर घातली आणि उभ्यानंच खाल्लं. मग आणखी एक.

“काय झालं?” नकाशेवाल्यांनी विचारलं.

“काही नाही. मी साहेब असते तर मीही सोडलं नसतं तुम्हाला.”

त्यांना हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळलं नाही. दुसरी थाळी आत सरकवायची होती, ती त्यांनी सरकवली. सकाळी साहेबांची गाडी आली तेव्हा सेहेचाळीस खोके दोरीनं बांधून तयार होते. गाडी गेल्यावर दोघं जिन्याच्या पायऱ्यांवर चहा घेऊन बसली. बायकोला परत निघायला साडेतीन दिवस होते.