तब्येतीवर बोलायचं नाही

सुरतेत कोसाडला आमच्या खाली राहणारी बाई दिवसभर साड्यांना लेस लावते आणि वाक्यावाक्याला सुरती 'ने' जोडते. "बसा ने, चहा घ्या ने." तिचा नवरा पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धांत उतरतो. दंड मांडीएवढे, तरी आपण काडीसारखे दिसतो या खात्रीने तो मे महिन्यातही जाड जॅकेट घालतो. "काय तब्येत कमावलीय!" असं म्हणून आम्ही त्याला हसायचो. ती हसत नसे.

परवा तिच्या भाचीच्या हळदीला जायला टेम्पो दारात उभा होता आणि हा बाहेर येईना. लोक बारीक म्हणतील म्हणे. "एवढ्या पैलवानाला काय झालं?" तिचा भाऊ हसला.

"आजारी आहेत," ती म्हणाली. "ताप नाही, पण आजारीच आहेत ने. उद्या दवाखान्यात नेते." तिने टेम्पो पाठवून दिला आणि मला म्हणाली, "दादा, त्यांना तब्येतीवरून काही बोलू नका. चांगलं पण नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो जिन्यात भेटला, जॅकेटातच. नेहमीचं वाक्य गिळून मी विचारलं, "चहा झाला?"

"झाला," म्हणून तो तसाच उभा राहिला, मी पुढे काय म्हणतो याची वाट बघत.

"चला ने," दारातून ती म्हणाली, "रांग वाढेल."